जुना प्रोजेक्शन टीव्ही घ्यायचाय? आधी डब्याच्या आत काय आहे ते बघा

ओएलएक्सवर नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवर संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड असं टाकून मोठा टीव्ही शोधत बसलं की अधूनमधून एक जाहिरात हमखास दिसते, कपाटाएवढा काळा नाहीतर चंदेरी डबा, खाली चाकं, फोटोत टीव्ही बंद, आणि लिहिलेलं असतं "५० इंची, चालू कंडिशन, जागा नाही म्हणून देणे". किंमत इतकी कमी की नवीन ३२ इंचीपेक्षाही स्वस्त. पीएस२, पीएस३, एक्सबॉक्स ३६० असे जुने गेमचे कन्सोल असलेली पोरं अशा जाहिरातीवर लगेच फोन लावतात, आणि त्यात चूक काहीच नाही, कारण चांगला सेट हाताला लागला तर मोठ्या पडद्यावर जुने गेम खेळायची मजा खरंच वेगळी आहे. फक्त घ्यायच्या आधी हे मशीन काय आहे ते समजून घ्या, कारण यातले काही सेट घेण्यासारखे असतात, काही फुकट दिले तरी नको म्हणावं असे असतात, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

प्रोजेक्शन टीव्हीची आयडिया साधी आहे. थिएटरात प्रोजेक्टर आपल्या मागं असतो आणि उजेड पडद्यावर समोरून पडतो, इथं प्रोजेक्टर डब्यात खाली बसवलेला असतो, तो उजेड मागच्या मोठ्या आरशावर मारतो, आरसा तो पडद्याकडं फिरवतो आणि आपण पडद्याच्या पुढून चित्र बघतो. सगळे सेट इथपर्यंत सारखे. फरक पडतो तो खालच्या प्रोजेक्टरमधी काय आहे त्यानं. एक तर तीन पिक्चर ट्यूब असतात, नाहीतर एक पांढरा बल्ब आणि त्याच्यापुढं चित्र तयार करणारी चिप. बल्बवाल्यात परत तीन जाती, डीएलपी, एलसीडी आणि एलकॉस. विकणाऱ्याला बहुतेक वेळा यातलं काही माहीत नसतं, तो "प्रोजेक्शन आहे" एवढंच सांगतो, म्हणून फोनवर पहिलं काम म्हणजे मागच्या स्टिकरचा फोटो मागवणं. मॉडेल नंबर नेटवर टाकला की जात कळते, व्होल्टेज कळतं, कुठली पिन आहे ते कळतं, आणि पुढचे निम्मे प्रश्न घरी बसूनच सुटतात. स्टिकरचा फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडं जाण्यात पेट्रोल घालवू नका.

स्टिकर नसला तरी वजनावरून अंदाज येतो. ५० इंची ट्यूबवाला सेट ८० ते १०० किलोच्या घरात जातो, खोली दोन फुटाच्या आसपास, जमिनीवरच उभा राहतो. बल्बवाला तेवढ्याच इंचाचा असला तरी ३०-३५ किलोचा, खोलीनं जेमतेम सव्वा-दीड फूट, दोन माणसं उचलून टेबलावर ठेवू शकतात.

आता ट्यूबवाल्यापासून सुरू करू, कारण आपल्या भागात जुने सेट म्हणून जे निघतात त्यात हे बरेच असतात आणि फसवणूकही यातच जास्त होते.

यात लाल, हिरवी, निळी अशा तीन वेगवेगळ्या ट्यूब असतात, बहुतेक सेटमधी ७ इंची, महागड्या सेटमधी ९ इंची. प्रत्येक ट्यूब आपल्या रंगाचं चित्र बनवते आणि लेन्समधून ती तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक बसतात. एवढ्याशा ट्यूबनं ५० इंचाचा पडदा उजळायचा म्हणजे ती ट्यूब प्रचंड तापते, म्हणून ट्यूब आणि लेन्सच्या मधी कूलंट म्हणजे थंड ठेवणारं पाणी भरलेलं असतं, इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण. उजेड याच पाण्यातून आरपार जातो. सेट वर्षानुवर्षं पडून राहिला किंवा जुना झाला की हे पाणी गढूळ होतं, कधी त्यात शेवाळ्यासारखे तंतू धरतात. मग चित्रात काय दिसतं? काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, समजा सिनेमाच्या शेवटची नावं, की प्रत्येक अक्षराभोवती धुरकट उजेड पसरतो, काळं काळं राहत नाही, सगळीकडं राखाडी दूध सांडल्यासारखं दिसतं. विकणारा म्हणतो "धूळ आहे, पुसलं की एक नंबर". कधी कधी खरंच धूळ असते, आरशावर बसलेली. पण तीनपैकी एकाच रंगाभोवती धूर जास्त असेल, म्हणजे निळ्या रंगाची वस्तू विझलेली आणि पसरलेली दिसते आणि हिरवी मात्र कडक, तर ती आरशाची धूळ नाही, त्या ट्यूबचं किंवा तिच्या पाण्याचं दुखणं आहे, कारण आरसा तिघांना एकच आहे.

पाणी बदलता येतं, अशक्य नाही, पण त्याला ट्यूबची असेंब्ली बाहेर काढावी लागते आणि सील नवीन लागतात. दुसरी भीती गळतीची. हे पाणी गळून खालच्या सर्किटवर गेलं तर बोर्ड जातो, आणि ते विषारी असतं, घरात लहान लेकरं नाहीतर कुत्री-मांजरं असतील तर गळका सेट आणूच नका. तपासायला डब्याच्या खाली, चाकांच्या मधी हात फिरवून बघा, चिकट लागतंय का, लादीवर जुना ओघळ सुकलाय का. मेकॅनिक सोबत असेल तर समोरची खालची जाळी आणि फळी काढून टॉर्च मारायला सांगा. स्वतः मागचं झाकण उघडून हात घालू नका, या ट्यूबला ३०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढली तरी तो काही वेळ आत साठून राहतो.

तीन चित्रं एकावर एक नीट बसणं, याला कन्व्हर्जन्स म्हणतात, आणि ट्यूबवाल्या सेटची अर्धी परीक्षा इथंच होते. मेनूत कन्व्हर्जन्स असा पर्याय असतो, तो उघडला की पडद्यावर अधिकचं चिन्ह येतं. ते चिन्ह एकसंध पांढरं दिसलं पाहिजे. लाल रेघ जराशी डावीकडं, निळी जराशी खाली, असं असेल तर घाबरू नका, रिमोटनं सरकवून बसवता येतं. पण बघायचं असतं ते कोपऱ्यात. बुद्धिबळाच्या पटासारखी उभ्या-आडव्या रेघांची जाळी कुठून लावता आली, डीव्हीडी प्लेअरला नाहीतर कन्सोलला पेन ड्राईव्ह लावून किंवा सेटला एचडीएमआय असेल तर फोनवरून, तर ती लावा आणि चारही कोपरे बघा. मधी रेघ सरळ आणि कडेला जाऊन लाल रेघ धनुष्यासारखी वाकलेली, निळी कुठल्या कुठं गेलेली, असं दिसलं तर ते रिमोटनं सरळ होणार नाही. त्याचा अर्थ बहुतेक वेळा कन्व्हर्जन्स आयसी गेलेली आहे. एसटीके नावानं सुरू होणाऱ्या नंबरच्या या आयसी असतात, सान्योच्या, एसटीके ३९२ सिरीज फार सेटमधी आहे, आणि तापून तापून त्या जातातच, हा या जातीचा सगळ्यात ठरलेला आजार. चांगला मेकॅनिक ती बदलतो आणि त्याच्या बाजूचे जळलेले रेझिस्टरही बदलतो. अडचण अशी की बाजारात डुप्लिकेट एसटीके भरपूर आहेत, त्या महिनाभरात परत जातात आणि जाताना रेझिस्टर घेऊन जातात.

आणखी एक, ही आयसी थंड असताना ठीक चालते आणि तापल्यावर सोडते. म्हणून पाच मिनिटं बघून "पिक्चर भारी आहे" म्हणत पैसे काढायचे नाहीत. लातूरकडं एका मंगल कार्यालयात पडून असलेला सेट बघायला गेलो होतो, हॉलमधे दुपारचा उजेड, टीव्हीवर कार्टून लावलेलं, चित्र झकास दिसत होतं. मालकांना म्हटलं काका, खिडक्या लावा आणि तासभर चालू राहू द्या, चहा घेऊ तोपर्यंत. चहा झाला, गप्पा झाल्या आणि साधारण चाळीस मिनिटांनी खालच्या उजव्या कोपऱ्यात माणसांच्या पायाला लाल सावली दिसायला लागली, मग ती वर चढत गेली. काकांनाही ते माहीत नव्हतं, ते कधी सलग बघतच नव्हते. तासभर चालवणं हा नियमच करून टाका.

आता गेमवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब जळणं, बर्न-इन. ट्यूबच्या आत चमकणारा थर असतो, फॉस्फर, त्याच्या एकाच जागी एकच चित्र तासनतास राहिलं तर ती जागा बाकीच्यापेक्षा लवकर झिजते आणि मग त्या चित्राची सावली कायमची राहते. नेहमीच्या काचेच्या टीव्हीतही हे होतं पण प्रोजेक्शनच्या ट्यूबवर ताण किती तरी जास्त असतो म्हणून इथं फार लवकर होतं. आपल्याकडच्या सेटवर काय जळालेलं सापडतं, तर न्यूज चॅनलची खालची पट्टी, कोपऱ्यातला चॅनलचा लोगो, क्रिकेटचा स्कोअर. बघायचं असेल तर पूर्ण पांढरा, मग पूर्ण लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग पडद्यावर लावा. चालत्या चित्रात जे लपतं ते कोऱ्या रंगात लगेच वर येतं. हे दुरुस्त होत नाही, ट्यूबच बदलावी लागते आणि नवीन ट्यूब आता बनत नाहीत. आणि तुम्ही घेतल्यावरही हाच धोका, गेममधे लाईफचा बार, मॅप, गोळ्यांचा आकडा एकाच जागी असतो. कॉन्ट्रास्ट कंपनीचा असतो तसा राहू देऊ नका, दुकानात चमकावं म्हणून तो फार वर ठेवलेला असतो, निम्म्याच्या खाली आणा. गेम पॉज करून जेवायला जाऊ नका. रुंद पडद्यावर ४:३ चे, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचे गेम रोज खेळले तर कडेचे काळे पट्टे झिजत नाहीत आणि मधला भाग झिजतो, मग सिनेमा लावला की मधी एक चौकोन दिसतो, म्हणून गेम आणि फुल स्क्रीनचा सिनेमा आलटून-पालटून चालवा.

एवढं सगळं ऐकून वाटेल मग ट्यूबवाला घ्यायचाच कशाला. तर यातला काळा रंग खरा काळा असतो, हालचाल पुसट होत नाही, आणि जुन्या कन्सोलचं चित्र त्यावर जितकं मऊ आणि भरलेलं दिसतं तितकं नवीन स्वस्त एलईडीवर दिसत नाही, तिथं पीएस२ चं चित्र फाटल्यासारखं होतं. मला स्वतःला पीएस२ साठी आजही हाच आवडतो. पण एचडीसाठी घ्यायचा असेल तर जपून. आपल्याकडं विकलेल्या ट्यूबवाल्या सेटपैकी बऱ्याच सेटमधी एचडी नाहीच, पडदा ४:३ चा, मागं लाल-पांढरी-पिवळी पिन आणि फार तर एस-व्हिडिओ. "१०० हर्ट्झ", "डिजिटल" असं लिहिलेलं असतं त्याचा एचडीशी काही संबंध नाही. आणि एचडी असला तरी ७ इंची ट्यूबला एका रेघेतल्या १९२० ठिपक्यांचा सगळा बारकावा दाखवता येत नाही, चित्र मऊच राहतं.

बल्बवाल्यांकडं येऊ. यात चित्र जळायची भीती जवळपास नाही, गेमसाठी हा मोठाच फायदा.

डीएलपी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची चिप, त्यांच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मधे काढलेली. नखाएवढ्या चिपवर लाखो बारीक आरसे, प्रत्येक आरसा म्हणजे चित्राचा एक ठिपका, तो इकडं कलला की उजेड पडद्यावर, तिकडं कलला की अंधार. ७२०पी च्या चिपवर १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० आरसे. रंगासाठी पुढं एक रंगीत काचेची चकती गरगर फिरते, लाल, हिरवं, निळं एकामागून एक इतक्या वेगानं टाकते की डोळ्याला एकत्र दिसतं. काही लोकांच्या डोळ्याला मात्र ते सुटं दिसतं, मान हलवली की पांढऱ्या अक्षराच्या कडेला इंद्रधनुष्य चमकतं. हे तुम्हाला दिसतं का नाही ते तुम्हीच बघून ठरवायचं, आणि घरात रोज बघणारं दुसरं कोणी असेल तर त्यांनाही घेऊन जा, एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याचं डोकं दुखतं असं होतं.

डीएलपीत बघायच्या गोष्टी तीन. एक, पडद्यावर पांढरे ठिपके, एकदम स्थिर, अंधाऱ्या सीनमधे चांदण्यासारखे. तो आरसा अडकलाय. एक-दोन असतील तर चालवून घ्या पण डझनभर असतील तर चिप जाण्याच्या वाटेवर आहे आणि ते वाढतच जातात. दोन, आवाज. टीव्ही म्यूट करून डब्याजवळ कान न्या, पंख्याची घरघर चालेल, पण बारीक शिट्टीसारखा किंवा घासल्यासारखा आवाज म्हणजे चकतीचं बेअरिंग चाललंय. तीन, बल्ब, त्याच्यावर पुढं बोलतो.

एलसीडीवाल्यात तीन पॅनल असतात, इंद्रधनुष्याची भानगड नाही, पण काळा रंग राखाडी आणि जवळून बघितलं की जाळी दिसते. वय झालं की पडद्यावर निळे किंवा पिवळसर डाग, ढगासारखे, मधी नाहीतर कडेला. एलकॉस ही एलसीडीचीच बहीण, फक्त उजेड पॅनलमधून आरपार न जाता त्याच्यावर आपटून परत येतो, सोनीचं एसएक्सआरडी आणि जेव्हीसीचं डी-आयएलए ही त्याचीच नावं, चित्र यांचं सगळ्यात सुंदर, पण यातही रंगाचे हिरवट-पिवळे डाग पडतात. हे डाग आतल्या ऑप्टिकल ब्लॉकचे, म्हणजे जिथं चित्र तयार होतं त्या भागाचे, पुसून जात नाहीत, आणि तो ब्लॉक म्हणजे टीव्हीचं काळीजच. पूर्ण पांढरा पडदा लावून डाग दिसला की घरी या.

बल्ब हा रोजच्या खर्चाचा विषय. हा साधा बल्ब नाही, उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो, १०० ते १८० वॅटचा, आयुष्य साधारण ३,००० ते ६,००० तास. रोज चार तास बघितलं आणि ४,००० तास धरले तर तीन वर्षंही पूर्ण होत नाहीत. विकणारा म्हणतो "फक्त बल्ब बदलायचाय", तेव्हा त्या मॉडेलचा बल्ब आज मिळतो का, कितीला मिळतो, हे आधी शोधा आणि ती रक्कम टीव्हीच्या किमतीत मिळवूनच भाव करा. आणि बंद सेट "फक्त बल्ब गेलाय" या बोलीवर घेऊ नका, कारण बल्ब पेटवणारा बॅलास्ट गेला तरी, चकती थांबली तरी, लक्षण तेच, पडदा काळा. सर्व्हिस मेनूत, म्हणजे मेकॅनिकसाठी लपवलेल्या मेनूत, बऱ्याच सेटमधी बल्बचे तास दिसतात, मॉडेलप्रमाणं तो मेनू उघडायची रीत नेटवर सापडते, जाण्याआधी लिहून न्या. बल्ब विकत घेताना डब्यासकट मिळणारे स्वस्त अनोळखी बल्ब टाळा, आतला दिवा फिलिप्स, ओसराम किंवा उशियोचा आहे का ते विचारा. बदलताना काचेला बोट लावायचं नाही. काही शेवटच्या शेवटच्या डीएलपी सेटमधी बल्बच्या जागी एलईडी होते, सॅमसंगनं काढले होते, तसला मिळाला तर मात्र सोडू नका.

सुट्या भागांचा विचार करताना हेही लक्षात असू द्या की सोनीनं २००७ च्या डिसेंबरमधे या टीव्हीतून बाहेर पडत असल्याचं सांगितलं, आणि शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनं २०१२ च्या शेवटी बंद केलं. त्यानंतर नवीन काही बनलेलं नाही.

आता जिथं खरा घोळ होतो तो भाग, टीव्ही चांगला निघतो पण आपलं मशीन त्याला लागतच नाही. विकणारा "एचडी आहे" म्हणाला तर विचारायचं, कुठलं एचडी? १०८०आय म्हणजे एका वेळी निम्म्या रेघा, एकाआड एक, ७२०पी म्हणजे कमी रेघा पण सगळ्या एकदम, १०८०पी म्हणजे सगळ्या रेघा एकदम. ट्यूबवाले जुने एचडी सेट मनापासून फक्त १०८०आय आणि ४८०पी, म्हणजे डीव्हीडीच्या दर्जाचं चित्र, घेतात, ७२०पी दिलं तर कित्येक सेट चित्रच देत नाहीत. एक्सबॉक्स ३६० ला फरक पडत नाही, तो स्वतः बदलून १०८०आय देतो. पीएस३ मात्र अडतो, त्याचे बरेचसे गेम ७२०पी चे, टीव्ही ते घेत नसेल तर सुरुवातीच्या कित्येक गेमचं चित्र थेट ४८०पी वर खाली येतं. म्हणजे एचडी कन्सोल, एचडी टीव्ही आणि चित्र डीव्हीडीचं. तसंच आजच्या स्ट्रीमिंग स्टिक, त्या ७२०पी नाहीतर १०८०पी देतात, जुना १०८०आय वाला सेट दोन्हीला नाही म्हणतो. मधे स्केलर, म्हणजे चित्र टीव्हीला चालेल अशा मापात बदलणारा डबा, लावावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. डीटीएचचा एचडी बॉक्स मात्र १०८०आय देतो, तो चालतो. आणि २००५ च्या आसपासचे "१०८०पी" लिहिलेले काही डीएलपी सेट असे आहेत की दाखवतात १०८०पी पण एचडीएमआयमधून घेतात १०८०आय पर्यंतच. त्यातल्या बऱ्याच सेटमधी चिपवर आरसे निम्मेच, ९६० गुणिले १०८०, आणि चित्र अर्ध्या ठिपक्यानं इकडं-तिकडं हलवून पूर्ण केलेलं असतं. चित्र त्याचंही चांगलं दिसतं, फक्त भाव करताना माहीत असलेलं बरं.

पिन बघताना मागं लाल-निळी-हिरवी म्हणजे कंपोनंट आहे का ते आधी बघा, पीएस२, पीएस३, एक्सबॉक्स ३६० आणि निंटेंडोच्या वी कन्सोलसाठी ती पुरे होते, केबल तेवढी वेगळी घ्यावी लागते. पीएस४ ला कंपोनंट नाहीच, एचडीएमआय लागणारच. काही सेटला एचडीएमआयच्या जागी डीव्हीआय असतं, साधी बदलायची पिन लावून चालतं पण त्यातून आवाज येत नाही, आवाजाची वायर वेगळी ओढा. आणि त्या डीव्हीआयला एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप ओळखायची सोय, नसेल तर स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स काळा पडदा दाखवतात.

कुणाच्या तरी नातेवाईकानं अमेरिकेहून सामानात आणलेला सेट असेल तर स्टिकर परत वाचा. ११० ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरनं उतरवता येईल, वॅटच्या दीडपट क्षमतेचा घ्या. पण आपला डीटीएच बॉक्स बहुधा ५० हर्ट्झ देतो आणि अमेरिकेतले कित्येक सेट ५० हर्ट्झचं एचडी घेतच नाहीत. गेम ६० हर्ट्झवर चालतील, पण घरच्यांची मालिका आणि मॅच चालणार नाही, मग घरात तो टीव्ही टिकत नाही.

गेमचं आणखी एक म्हणजे उशीर, बटन दाबलं आणि चित्रात उडी मागाहून आली. बल्बवाले सगळे सेट आलेलं चित्र आधी आपल्या मापात बसवतात आणि मग दाखवतात, त्यात वेळ जातो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलीसेकंदाची, तीन-चार फ्रेम मागं पडलं की फायटिंग गेममधी हाताला कळतं, रेसिंगमधी वळण चुकतं. मेनूत गेम मोड असेल तर लावून बघा. मोजायचं असेल तर फोन स्लो मोशनवर ठेवून कंट्रोलर आणि पडदा एकाच फ्रेममधे धरा, बटन दाबताना आणि चित्र हलताना किती वेळ गेला ते फ्रेम मोजून कळतं. ट्यूबवाल्याला तो मुळात जो घेतो तोच सिग्नल दिला तर उशीर जवळपास नाही, पण एचडी ट्यूबवालाही साधं चित्र एचडीच्या मापात चढवतो तेव्हा थोडा उशीर करतो. शिवाय बहुतेक सेट चित्राच्या कडा पडद्याबाहेर घालवतात, कोपऱ्यातला स्कोअर नाहीतर मॅप कापला जातो, म्हणून आपलाच गेम लावून बघितलेला बरा. आणि लहानपणीचा कॅसेटचा गेम बंदुकीसकट जपून ठेवला असेल, बदकं मारायचा, तर ती बंदूक प्रोजेक्शन टीव्हीवर चालत नाही.

बघायला बसायचं कसं हेही महत्त्वाचं, कारण या पडद्याला रेघा आणि भिंगाची चादर असते, ती उजेड समोरच्याच दिशेला ढकलते. समोर बसलं की झळाळतं, उभं राहिलं की अर्धं विझतं, जमिनीवर सतरंजी टाकून बसलेल्यांना वरचा भाग काळपट. गावाकडं मॅचला वीस माणसं जमतात तिथं कडेच्यांना नीट दिसणार नाही. खोली अंधारी करता आली पाहिजे, पत्र्याच्या फटीतून ऊन येत असेल तर दिवसा मजा नाही. ५० इंचीला एचडी असेल तर सहा-आठ फुटावर बसा, साधं चॅनल असेल तर आणखी मागं.

आणि आपल्या मराठवाड्याचं म्हणून जे आहे, लाईट. बल्बवाला सेट बंद केल्यावरही पंखा काही वेळ चालू राहतो, तो गरम बल्ब थंड करत असतो. चालू असताना लाईट गेली की पंखाही थांबतो आणि बल्ब आतल्या आत शिजतो, असं रोज दोनदा झालं की आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून इन्व्हर्टर लागतोच, साईन वेव्हचा, आणि त्याचं बटन यूपीएस मोडवर ठेवा म्हणजे बदलताना सेट झटका खात नाही. सेट साधारण २०० वॅट ओढतो, घरच्या इन्व्हर्टरवर दहा-पंधरा मिनिटं सहज निघतात, तेवढ्यात नीट बंद करून पंखा थांबू द्या. लाईट परत आल्यावर लगेच पेटला नाही तर पॉवरचं बटन दाबत बसू नका, गरम बल्ब पेटत नाही, थंड होऊ द्या. रात्री शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज वर जातं, त्याला स्टॅबिलायझर लावा, ट्यूबवाल्यालाही.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं ४२-४३ डिग्रीत मागं भिंतीला चिकटवलेला सेट तापून बंद पडणारच, अर्धा फूट जागा सोडा. जाळीची धूळ महिन्याला काढा, कापसाच्या जिनिंगजवळ घर असेल तर रुईचा तंतू जाळीत गच्च बसतो, तिथं पंधरा दिवसाला. आतला आरसा मात्र फडक्यानं आणि काच पुसायच्या स्प्रेनं पुसू नका. घरच्या आरशाची चांदी काचेच्या मागं असते, याची पुढं असते, एकदा ओरखडा गेला की तो प्रत्येक चित्रात दिसणार. हवेचा फुगा मारून जेवढी निघेल तेवढीच धूळ काढा.

मेकॅनिक मिळतो का? ट्यूबवाल्याला मिळतो, संभाजीनगरात तर पैठण रोडला चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता, ट्यूबच्या काळातलं काम येणारी जुनी माणसं अजून आहेत, त्यांना एसटीके म्हटलं की कळतं. डीएलपी, एलकॉसला मात्र आपल्याकडं माणूस शोधावा लागतो, म्हणून तो घेताना डाग, ठिपके, आवाज यात जराही तडजोड नको.

भावाचं सांगायचं तर नवीन ४३ इंची फुल एचडी एलईडी साधारण २० हजारांच्या आसपास येतो, निम्मी लाईट ओढतो आणि वॉरंटी असते. जुना सेट अधिक बल्ब अधिक स्केलर अधिक गाडीभाडं मिळून त्याच्या निम्म्यापुढं जायला लागलं की सोडून द्या. फक्त एचडी बघायला आणि पीएस४ खेळायला घेत असाल तर मी नवीनच घ्या म्हणेन. पीएस२-पीएस३ चं वेड आहे, खोली अंधारी होते, घरात इन्व्हर्टर आहे आणि स्वच्छ बल्बचा डीएलपी किंवा नितळ पाण्याचा, न जळालेला ट्यूबवाला मिळतोय, तर जरूर घ्या, आणि घेताना आपला कन्सोल आणि केबल सोबत न्या.

आणताना छोटा हत्ती करा आणि चार माणसं न्या, ट्यूबवाला आडवा टाकू नका, उभाच आणा, पडद्याला गादी लावा पण दोरी पडद्यावरून घेऊ नका, दाब पडला की चादर खाचेतून सुटते. जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी आधी टेपनं मोजून ठेवा. घरी आल्यावर जागेवर ठेवून अर्धा तास चालवा आणि मगच कन्व्हर्जन्स बसवा, कारण दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकानं रेघा थोड्या हलतात आणि थंड सेटवर बसवलेल्या रेघा तापल्यावर परत सरकतात.